‘निष्काळजीपणा’ या शब्दाची चिकित्सा : क्रिस्टल ईस्टमन यांच्या ‘वर्क-ॲक्सिडेंट्स अँड द लॉ’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

कारखान्यात कामगाराचा मृत्यू झाला की आपल्याकडे पोलीस ठाण्यात होणारी पहिली नोंद बहुधा ‘अकस्मात मृत्यू’ अशी असते. पंचनामा होतो, सहकाऱ्यांचे जबाब घेतले जातात, शवविच्छेदनाचा अहवाल येतो. कागदपत्रांची ही परंपरा आवश्यक आहे; परंतु तिच्या पहिल्याच शब्दात एक निर्णय दडलेला असतो. जे ‘अकस्मात’ घडले त्याचे कारण शोधण्याची निकड उरत नाही. कारण शोधलेच, तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या एका शब्दापाशी येऊन थांबते, आणि तो शब्द म्हणजे ‘निष्काळजीपणा’. हा निष्काळजीपणा सामान्यतः मृताचा किंवा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कामगाराचा असतो.

धातुउद्योगाच्या संदर्भात या दोन्ही शब्दांची पद्धतशीर चिकित्सा करणारा एक महत्त्वाचा ग्रंथ १९१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. क्रिस्टल ईस्टमन (१८८१–१९२८) यांचा ‘वर्क-ॲक्सिडेंट्स अँड द लॉ’ हा तो ग्रंथ. कामगार-कायद्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख नुकसानभरपाईच्या कायद्याची पार्श्वभूमी म्हणून केला जातो आणि तेवढ्यावरच तो बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात या ग्रंथाकडे कारणमीमांसेचा ग्रंथ म्हणून पाहिले आहे. ईस्टमन यांनी नुकसानभरपाईच्या कायद्यातून ‘दोष’ ही कल्पना बाहेर काढण्याचा आग्रह धरला आणि तो बऱ्याच अंशी यशस्वीही झाला. मात्र हीच कल्पना पुढे सुरक्षाशास्त्राच्या मागच्या दाराने कारखान्यात परत आली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. भारतीय कायदा आणि भारतीय धातुउद्योग यांच्या संदर्भात या प्रतिपादनाला आजही अर्थ आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी आणि रचना

१९०७ साली पॉल केलॉग यांच्या नेतृत्वाखाली ‘पिट्सबर्ग सर्व्हे’ या नावाने ओळखली जाणारी सामाजिक पाहणी सुरू झाली. रसेल सेज फाउंडेशन या न्यासाने तिला अर्थसाहाय्य केले. तिचे निष्कर्ष १९०९ ते १९१४ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाले. जॉन फिच यांनी पोलाद-कामगारांच्या कामाचा, मार्गारेट बायिंग्टन यांनी होमस्टेड या गिरणीवस्तीतील संसारांचा, तर एलिझाबेथ बटलर यांनी विविध धंद्यांतील स्त्री-कामगारांचा अभ्यास केला. अपघातांचा विषय ईस्टमन यांच्याकडे आला. समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी १९०७ सालीच कायद्याचे शिक्षण पूर्ण केले होते. आकडेवारी आणि कायदा या दोन्ही ज्ञानशाखांचे हे शिक्षण ग्रंथाच्या पानापानांतून जाणवते.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला अपघातांच्या कारणांचा, दुसरा त्यांच्या आर्थिक किमतीचा आणि तिसरा मालकाच्या उत्तरदायित्वाच्या कायद्याचा. पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेगेनी जिल्ह्यात आहे, तेथे १ जुलै १९०६ ते ३० जून १९०७ या एका वर्षात कामावर झालेल्या सर्व मृत्यूंची नोंद ईस्टमन यांनी मिळवली. असे मृत्यू ५२६ होते. त्यांपैकी १९५ पोलाद-उद्योगातील, १२५ रेल्वेतील, ७१ खाणींतील आणि उरलेले १३५ इतर व्यवसायांतील होते. याशिवाय एप्रिल ते जून १९०७ या तीन महिन्यांत रुग्णालयांत दाखल झालेल्या ५०९ जखमींचा त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला.

या आकड्यांइतकीच ते मिळवण्याची पद्धत महत्त्वाची आहे. कंपन्यांनी दिलेल्या यादीवर ईस्टमन विसंबल्या नाहीत. कोरोनरच्या दप्तरापासून त्यांनी सुरुवात केली आणि तेथून मृताच्या घरापर्यंत, शक्य तेथे सहकाऱ्यापर्यंत आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यापर्यंत त्या गेल्या. एकाच मृत्यूचे अनेक जबाब त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. कोरोनरच्या पंचांनी ज्या घटनेवर ‘अपघाती’ असा शिक्का मारून प्रकरण मिटवले होते, ती घटना या तुलनेतून पुन्हा उघडी पडते.

ग्रंथात दिलेली ‘मृत्यूची दिनदर्शिका’ या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. वर्षातील प्रत्येक दिवसाच्या चौकटीत त्या दिवशी मेलेल्या कामगारांच्या संख्येइतक्या फुल्या आहेत. वर्षाच्या ३६५ दिवसांत ५२६ मृत्यू म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे दीड. एक फुली पाहणाऱ्याला ती घटना अकस्मात वाटू शकते. बारा महिन्यांची पाने एकत्र पाहणाऱ्याला तसे वाटणे अवघड आहे. जे वर्षभर एका विशिष्ट प्रमाणात घडत राहते, त्याला कारणे असतात आणि ती कामाच्या रचनेत असतात, हा ग्रंथाचा पहिला सिद्धांत या एका चित्रात सामावलेला आहे. सर्व्हेसाठी छायाचित्रकार लुईस हाइन यांनी टिपलेल्या छायाचित्रांमुळे या फुल्यांना चेहरे मिळतात.

पोलाद-कारखान्यातील मृत्यूची कारणे

पोलाद-कारखाना म्हटले की वितळलेल्या रसाचे चित्र डोळ्यांसमोर येते. तप्त धातूचे स्फोट हे मृत्यूचे एक मोठे कारण होतेच. झोतभट्टीत माल मध्येच अडकून राहणे आणि एकाएकी खाली कोसळणे, ओलसर साच्यात किंवा ओल्या जमिनीवर रस पडून वाफेचा स्फोट होणे, हे प्रकार तेव्हा नित्याचे होते. भट्टीच्या वायूने गुदमरून मरणारेही होते. परंतु ईस्टमन यांच्या वर्गीकरणातून एक अनपेक्षित बाब पुढे येते. रसाच्या स्फोटांपेक्षा क्रेनने आणि कारखान्याच्या आवारातील रेल्वेने अधिक माणसे मारली होती. म्हणजे पोलादनिर्मितीच्या गाभ्यातील अग्नी जितका घातक होता, त्याहून अधिक घातक जड वस्तू इकडून तिकडे हलवण्याची रोजची व्यवस्था होती.

या निरीक्षणाचा परिणाम दूरगामी आहे. रसाचा स्फोट हा धातुउद्योगाचा ‘स्वाभाविक’ धोका मानता येईल. क्रेनची साखळी तुटणे, भार उचलला जात असताना खाली माणसे काम करीत असणे, गाडी मागे घेताना इशारा देणारा कोणी नसणे, हे मात्र स्वाभाविक म्हणता येत नाही. साखळी कोणी, कधी तपासली? क्रेनचालकाला खालचा माणूस दिसेल अशी त्याची जागा होती का? इशारा देण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला होता का? हे सर्व प्रश्न खर्चाचे आणि नियोजनाचे आहेत. धोका धातूच्या गुणधर्मात किती आणि काम लावण्याच्या पद्धतीत किती, हा भेद ईस्टमन यांनी नोंदींच्या आधारे केला.

‘निष्काळजीपणा’ची चिकित्सा

ग्रंथाच्या पहिल्या भागातील वैयक्तिक घटकाविषयीचे प्रकरण हा या विवेचनाचा केंद्रबिंदू होय. अपघातांपैकी ९५ टक्के अपघात जखमी माणसाच्याच निष्काळजीपणामुळे होतात, असे कंपन्यांच्या वर्तुळातील मत ईस्टमन यांना पिट्सबर्गमध्ये ऐकायला मिळाले. त्यांनी हा दावा झिडकारला नाही. तो तपासायला घेतला. ज्या मृत्यूंविषयी पुरेसा पुरावा होता, त्यांत खरोखर कोणाच्या कृतीचा किती भाग होता याची त्यांनी वर्गवारी केली. या तपासणीत ९५ टक्क्यांचा दावा टिकला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या घटनांत कामगाराच्या कृतीचा भाग होता तेथेही ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यांनी फोडून पाहिला. त्यात अनेक वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आढळल्या. काही जण इतके लहान वयाचे होते की त्यांच्याकडून प्रौढ माणसाच्या सावधपणाची अपेक्षा करणेच गैर होते. काही जण कामावर नवे होते; धोका कोठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. काहींना कामाच्या ठिकाणची भाषा येत नव्हती. काहींचे लक्ष विचलित झाले होते. परंतु बारा तासांची पाळी, भट्टीची धग, कानठळ्या बसवणारा आवाज आणि कामाची गती या परिस्थितीत लक्ष विचलित होणे हा शरीराचा धर्म आहे. त्या काळी अमेरिकेतील पोलाद-उद्योगात बारा तासांची पाळी सर्रास होती आणि भट्ट्यांवर पंधरवड्यातून एकदा पाळी बदलताना सलग चोवीस तास काम करावे लागे. ही बारा तासांची पाळी १९२३पर्यंत टिकली. शेवटी उरते ती बेफिकिरी. पण जो माणूस रोज धोक्यात काम करतो, त्याने प्रत्येक क्षणी धोक्याचा विचार केला तर त्याच्या हातून काम होणेच अशक्य, हेही ईस्टमन लक्षात आणून देतात. धोक्याची सवय ही त्या कामाचीच एक अट असते.

या विश्लेषणाचे मोल समजून घेण्यासाठी त्याची तर्करचना पाहणे इष्ट ठरेल. ‘कामगाराने हात घातला म्हणून हात गेला’ हे विधान खरे असू शकते. परंतु ते कारणांच्या साखळीतील केवळ शेवटची कडी सांगते. हात घालावा लागेल अशी यंत्राची रचना का होती, हात आत असताना यंत्र चालू कसे होऊ शकले, हात घालणाऱ्याला किती तास झाले होते, या मागच्या कड्या त्या विधानात दिसत नाहीत. ‘निष्काळजीपणा’ हे कारणाचे नाव असल्यासारखे वापरले जाते. प्रत्यक्षात ते चौकशी कोठे थांबवली त्या जागेचे नाव असते.

ईस्टमन एकांगी नाहीत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. कामगाराचा स्पष्ट उतावळेपणा जेथे आढळला तेथे त्यांनी तो मान्य केला आहे. युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशनने सुरक्षेसाठी सुरू केलेल्या उपाययोजनांवरील लेख परिशिष्टात समाविष्ट करून त्यांनी मालकवर्गाच्या प्रयत्नांनाही जागा दिली आहे. या समतोलामुळेच त्यांचे निष्कर्ष विरोधकांना सहजासहजी उडवून लावता आले नाहीत.

कायद्यातील ‘दोष’

ग्रंथाचा दुसरा आणि तिसरा भाग या कारणमीमांसेचे कायदेशीर पर्यवसान मांडतो. मृत कामगारांच्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकाकडून शंभर डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम मिळाली होती. अनेकांना काहीच मिळाले नव्हते. याचे कारण तत्कालीन कायद्यात होते. भरपाईसाठी मालकाचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे आणि मालकाच्या हाती बचावाची तीन शस्त्रे होती. कामगाराने नोकरी पत्करताना धोकाही पत्करला, हा पहिला बचाव. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला, म्हणून मालक जबाबदार नाही, हा दुसरा. इंग्लंडमध्ये १८३७ च्या आणि अमेरिकेत १८४२ च्या निकालाने तो प्रस्थापित झाला होता. कामगाराचा स्वतःचा काही दोष होता, हा तिसरा. पोलाद-कारखान्यात शेकडो माणसे एकमेकांच्या कृतीवर अवलंबून राहून काम करतात. अशा ठिकाणी दुसऱ्या बचावाचा व्यावहारिक अर्थ मालक जवळजवळ कधीच जबाबदार ठरणार नाही, असाच होता.

ईस्टमन यांनी सुचवलेला उपाय असा, की दोष कोणाचा हा प्रश्नच भरपाईपासून वेगळा करावा. यंत्राची झीज जशी उत्पादनखर्चात धरली जाते, तशीच माणसाच्या शरीराची हानीही उद्योगाच्या खर्चात धरली जावी. यात न्याय आहेच, शिवाय प्रतिबंधाची प्रेरणाही आहे. कारण प्रत्येक मृत्यूची किंमत मोजावी लागली तर साखळी तपासणे स्वस्त ठरेल.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी नेमलेल्या आयोगाच्या सचिव म्हणून ईस्टमन यांनी हे तत्त्व कायद्यात आणण्यासाठी काम केले. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरपाईचा कायदा झाला. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. दोष सिद्ध न होता मालकाकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असा त्या निकालाचा रोख होता. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्च रोजी, न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. पुढे राज्यघटनेत दुरुस्ती करून १९१४ साली नवा कायदा अमलात आला. ईस्टमन यांची भूमिका अखेरीस मान्य झाली.

दोषाचे पुनरागमन

भरपाईचा खर्च मालकावर आणि पर्यायाने विमा कंपन्यांवर पडू लागल्यानंतर अपघात कमी करणे हा विमाव्यवसायाच्याही आस्थेचा विषय झाला. याच पार्श्वभूमीवर ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीतील एच. डब्ल्यू. हाइन्रिख यांचा ‘इंडस्ट्रियल ॲक्सिडेंट प्रिव्हेन्शन’ हा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. ७५ हजार अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे घडतात आणि २ टक्के अटळ असतात. हे प्रमाण पुढे जगभरच्या सुरक्षा-प्रशिक्षणात सूत्रासारखे शिकवले गेले. भारतीय कारखान्यांतील सुरक्षा-सप्ताहाच्या भाषणांतूनही ते ऐकू येत राहिले.

ईस्टमन यांनी ऐकलेले ९५ टक्के आणि हाइन्रिख यांचे ८८ टक्के यांतील साम्य लक्षणीय आहे. पहिला आकडा धंद्यातील अनुभवाच्या बळावर ठोकून दिलेला होता. दुसऱ्याला शास्त्राचे वस्त्र मिळाले. परंतु हाइन्रिख यांच्या नोंदी आल्या कोठून? त्या विमा दाव्यांच्या बंद झालेल्या फायलींतून आणि कारखान्यांच्या दप्तरातून आल्या. अशा नोंदीत कारणाचा रकाना भरणारा माणूस सामान्यतः वरिष्ठ किंवा देखरेख करणारा असतो, आणि यंत्रात दोष होता असे लिहिणे म्हणजे आपल्याच व्यवस्थेवर ठपका ठेवणे होय. मूळ नोंदी उपलब्ध नसल्यामुळे हे प्रमाण पडताळता येत नाही, हा आक्षेप सुरक्षाशास्त्राच्या अलीकडील समीक्षकांनी, विशेषतः फ्रेड मॅन्युएल यांनी, घेतला आहे. हाइन्रिख यांना न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे, की यंत्रांना संरक्षक कवच बसवण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. तथापि, व्यवहारात त्यांच्या ग्रंथातून उरले ते ८८ टक्क्यांचे सूत्र.

म्हणजे दोष हा शब्द नुकसानभरपाईच्या कायद्यातून गेला आणि ‘असुरक्षित कृती’ या नावाने सुरक्षा-विभागात आला. ईस्टमन यांनी मृताच्या घरापासून सुरू केलेली चौकशी आणि हाइन्रिख यांनी कारखान्याच्या कागदापासून सुरू केलेली चौकशी यांचे निष्कर्ष वेगळे आले, यात आश्चर्य नाही. चौकशी कोठून सुरू होते यावर ती कोठे थांबते हे बऱ्याच अंशी ठरते.

भारतीय संदर्भ

भारतीय पोलाद-उद्योगाचा पिट्सबर्गशी असलेला संबंध प्रत्यक्ष आहे. जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेत गेले असता पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या अभियंत्याला भेटले होते. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची मुंबईत नोंदणी झाली. ईस्टमन यांची पाहणी सुरू झाली तेही १९०७ हेच वर्ष. साकची येथील कारखान्याच्या उभारणीत पिट्सबर्गच्या तंत्रज्ञांचा वाटा होता. मात्र १९१२ साली, म्हणजे अमेरिकेतील पोलाद-उद्योगाच्या अकरा वर्षे आधी, या कंपनीने आठ तासांची पाळी स्वीकारली. कामाचे तास धातूच्या स्वरूपावर ठरतात, हा पिट्सबर्गमधील युक्तिवाद त्यामुळे आपोआप खोटा ठरला.

कायद्याच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व भारतात आणले. सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव मात्र दिवाणी दाव्यांत १९३८ च्या मालक उत्तरदायित्व कायद्यापर्यंत शिल्लक होता. १९२३ च्या कायद्यातही एक परंतुक होते : कामगार नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्राचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढले असेल, तर मालक भरपाईला बांधील नाही. मृत्यूच्या बाबतीत हा बचाव चालत नाही. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या बाबतीतही तो चालत नाहीसा झाला. परंतु कायद्याच्या परिभाषेत बोटे तुटणे हे कायमचे ‘अंशतः’ अपंगत्व आहे. म्हणजे जेथे कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण नाही, अशा पॉवर प्रेसवर बोटे गमावणाऱ्या कामगाराच्या विरुद्ध हा बचाव उभा राहू शकतो. निष्काळजीपणाचा जुना युक्तिवाद सर्वांत दुर्बळ जागी टिकून राहिला आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाची रचना याहून अधिक सुजाण होती. कलम २१ नुसार यंत्राचे धोकादायक भाग भक्कम कवचाने झाकणे आणि यंत्र चालू असताना ते कवच जागेवर ठेवणे बंधनकारक होते. भोपाळ वायुकांडानंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कारखानदाराची सर्वसाधारण कर्तव्ये सांगणारे कलम ७-अ आले, तसेच धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले. लोहधातुउद्योग, लोहेतर धातुउद्योग आणि ओतशाळा यांचा धोकादायक प्रक्रियांच्या अनुसूचीत समावेश करण्यात आला, आणि जिवाला तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कामगाराला येथे केवळ चुकणारा म्हणून न पाहता धोका ओळखणारा म्हणूनही पाहिले गेले, ही ईस्टमन यांच्या पुढची पायरी होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली आहे. मालकाची आणि कामगाराची कर्तव्ये तीत स्वतंत्रपणे सांगितली आहेत. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या मात्र दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेण्यात आली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना संहितेतील सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात. तथापि, ‘कारखाना’ म्हणून होणाऱ्या तपासणीच्या कक्षेबाहेर लहान प्रेस-शॉप आणि ओतशाळा जाण्याची शक्यता निर्माण झाली आहे. मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरवणारी ही लहान युनिटेच धातुकामातील धोक्याचा मोठा भार वाहतात, हे पुणे-पिंपरी-चिंचवड परिसर जाणणाऱ्यास सांगण्याची गरज नाही.

या ठिकाणी एका समकालीन उपक्रमाचा उल्लेख औचित्याचा ठरेल. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने प्रसिद्ध केलेले अहवाल वाहन-उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील जखमी कामगारांवर आधारलेले आहेत. कंपनीच्या नोंदीऐवजी जखमी माणसापासून सुरू होणारी त्यांची पद्धत ईस्टमन यांच्याशी नाते सांगते. निष्कर्षही त्याच दिशेचे आहेत : पॉवर प्रेसवर सुरक्षा-सेन्सर नसणे, लांबलेल्या पाळ्या, कंत्राटी आणि स्थलांतरित कामगारांचे मोठे प्रमाण.

निष्काळजीपणाच्या सिद्धांताची मर्यादा दाखवणारी आणखी एक घटना म्हणजे जून २०१४ मधील भिलाई पोलाद-कारखान्यातील वायुगळती. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. त्याला वास नसतो, रंग नसतो. या दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला आणि मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. अनुभव, शिक्षण आणि अधिकार यांपैकी कशाचीच उणीव नसलेली माणसे जेथे मरतात, तेथे सावधपणाचा उपदेश अपुरा पडतो. तेथे वायू ओळखणारी उपकरणे, नळांची देखभाल आणि बचावाची व्यवस्था यांचाच विचार करावा लागतो.

ग्रंथाच्या मर्यादा

ईस्टमन यांच्या ग्रंथाच्या काही मर्यादा स्पष्टपणे मांडणे समीक्षेचे कर्तव्य आहे. पहिली मर्यादा विषयाच्या निवडीतच आहे. त्यांनी अपघात मोजले. रोग मोजले नाहीत. फुलीला तारीख लागते, आणि फुप्फुसात वर्षानुवर्षे साठणाऱ्या धुळीला तारीख नसते. दिनदर्शिकेची जी शक्ती आहे तीच तिची मर्यादा ठरते. शिसे आणि इतर विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या आजारांचा माग ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१० पासून इलिनॉय राज्यात घेतला. तो ईस्टमन यांच्या ग्रंथाला पूरक मानला पाहिजे. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्राचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. साच्याच्या वाळूतील सिलिका मोल्डिंगच्या, शेकआउटच्या आणि फेटलिंगच्या कामात धूळ होऊन उडते. सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याजोगा रोग असला, तरी तो होईपर्यंत कामगाराने अनेकदा नोकरीही बदललेली असते. त्याची नोंद ना ‘अकस्मात मृत्यू’त होते, ना ‘निष्काळजीपणा’त.

दुसरी मर्यादा कामगाराच्या स्थानाविषयीची आहे. ग्रंथात कामगार मृत, जखमी किंवा साक्षीदार म्हणून येतो. संघटित होऊन सुरक्षेची मागणी करणारा म्हणून तो फारसा दिसत नाही. १८९२ च्या होमस्टेड संपातील पराभवानंतर पिट्सबर्गच्या पोलाद-उद्योगातील संघटना मोडून पडली होती, हे त्याचे ऐतिहासिक कारण आहे. परंतु बदल घडवणारा तज्ज्ञ आणि कायदेमंडळ, अशी ग्रंथाची जी गृहीत रचना आहे, तिचाही त्यात भाग आहे.

तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. मृत्यूची किंमत उत्पादनखर्चात धरावी, हे तत्त्व मानवी हेतूने मांडलेले असले, तरी ती किंमत अल्प राहिली तर उलट परिणाम होतो. भरपाई देणे सुधारणा करण्यापेक्षा स्वस्त पडले, तर हिशेब मृत्यूच्याच बाजूने लागतो. दोषाचा प्रश्न भरपाईपासून वेगळा करणे योग्यच होते. प्रतिबंधाच्या प्रश्नापासून तो वेगळा करता येत नाही. तेथे ‘दोष’ याचा अर्थ धोका दूर करण्याची सत्ता ज्याच्या हाती होती त्याचे उत्तरदायित्व, असा घ्यावा लागतो. ईस्टमन यांच्या कारणमीमांसेत हा अर्थ सूचित आहे. त्यांच्या कायदेशीर योजनेत तो पुरेसा आलेला नाही.

समारोप

‘वर्क-ॲक्सिडेंट्स अँड द लॉ’ हा ग्रंथ शतकाहून अधिक काळानंतरही वाचनीय ठरतो, तो त्यातील आकड्यांमुळे नव्हे. ते आकडे एका जिल्ह्याचे आणि एका वर्षाचे आहेत. त्याचे टिकाऊ मोल चौकशीच्या शिस्तीत आहे. एका मृत्यूचे अनेक जबाब गोळा करणे, सुट्या घटनांची माळ लावून पाहणे आणि दोष देणारा शब्द आला की तो फोडून पाहणे, ही ती शिस्त होय. समाजशास्त्र, विधी, वाणिज्य आणि अभियांत्रिकी या शाखांच्या अध्यापकांना आपापल्या परिसरातील औद्योगिक वसाहतींच्या अभ्यासासाठी ती आजही उपयोगी पडू शकते. अशा अभ्यासाला मोठे साहित्य लागत नाही. अपघाताच्या नोंदींपासून निघून जखमी माणसाच्या घरापर्यंत जाण्याची तयारी लागते.

अपघाताच्या अहवालात कारणासाठी एक रकाना असतो. तो रकाना कोण भरतो, कोणाला विचारून भरतो आणि भरल्यानंतर यंत्रात काही बदलते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर त्या कारखान्यातील सुरक्षेविषयी पुष्कळ काही कळते. रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिलेले असेल, तर त्या नोंदीनंतरही प्रेस तसाच उघडा असेल आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कामगार त्याच जागी उभा असेल, हे गृहीत धरायला हरकत नाही.